आठवी फेरी

दुरुस्तीवाली: थांबा, थांबा! मशीनला हात नका लावू मावशी. त्या डब्यातली एकही फ्लॉपी अशी थेट आत जायची नाही.

सिस्टर: अगं, पण त्यासाठीच तर आलेय. चौकातल्या दुकानदाराने हातात घेतली की लगेच घातली होती.

दुरुस्तीवाली: मग काय झालं?

सिस्टर: कर्र कर्र आवाज आला. त्याने बाहेर काढली, फुंकर मारली, परत घातली. परत कर्र. म्हणाला, बाई, ही मेलीय, बाकीच्याही मेल्याच असणार, टाकून द्या. म्हटलं, छत्तीस वर्षं नर्स होते मी. नाडी न बघता कोणाला मेलं म्हणत नाही.

दुरुस्तीवाली: हे आवडलं मला. बसा. ती पिशवी स्टुलावर ठेवा, खाली नको, वायरींचं जंगल आहे. कुठली घातली होती त्याने?

सिस्टर: ही. ‘फेरी आठवी’ लिहिलंय ती.

दुरुस्तीवाली: अक्षर काय सुरेख आहे! तुमचं?

सिस्टर: माझंच.

दुरुस्तीवाली: आता इकडे उजेडात या. हा पत्रा मी बाजूला सरकवते. दिसली आतली काळी तबकडी? तिच्यावर काय आहे?

सिस्टर: पांढरे ठिपके. बुरशी धरलीय.

दुरुस्तीवाली: बरोबर. आणि ही गोल रेघ? वाचणारं जे डोकं असतं ना मशीनमधलं, ते या तबकडीला टेकून चालतं. दुकानदाराने आत घातली तेव्हा ते डोकं बुरशी खरवडत गेलं. हा ओरखडा म्हणजे त्याची कृपा.

सिस्टर: म्हणजे गेली?

दुरुस्तीवाली: गेली असं नाही म्हणत. जखमी आहे म्हणते. एकूण किती आहेत?

सिस्टर: नऊ. आठ फेऱ्यांच्या आठ, आणि एकीत तो प्रोग्राम आहे ज्यात आम्ही माहिती भरायचो. कापसाच्या डब्यात होत्या, कपाटात, रजयांच्या खाली. सव्वीस वर्षं. आठवी सगळ्यांत तळाला होती, तिलाच ओल लागली.

दुरुस्तीवाली: आणि सव्वीस वर्षांनी आज आठवण झाली?

सिस्टर: आठवण रोज होती. सोमवारी सकाळी साडेअकराला मेडिकल बोर्डासमोर सुनावणी आहे. त्याच्या आत मला यातलं सगळं कागदावर पाहिजे.

दुरुस्तीवाली: आज गुरुवार.

सिस्टर: मला वार कळतात गं.

दुरुस्तीवाली: रागावू नका मावशी, मीही विचारूनच काम करते. कोणाच्या खासगी गोष्टी काढून देत नाही मी कोणाला. गेल्याच महिन्यात एकाला जिन्यावरून परत पाठवलं. काय आहे यात?

सिस्टर: श्वास.

दुरुस्तीवाली: काय?

सिस्टर: नदीपलीकडे दगड दळायचा कारखाना होता, माहीत असेल. पांढरा दगड, पिठासारखा बारीक करायचे, काचेसाठी. त्या कारखान्याच्या दवाखान्यात मी सिस्टर होते. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. दर सहा महिन्यांनी सगळ्या कामगारांना एका नळीत जोरात फुंकायला लावायचं, छातीत किती लिटर हवा मावते ते बघायचं. तिला आम्ही फेरी म्हणायचो. चार वर्षं, आठ फेऱ्या. बिल्ला नंबर, तारीख, आकडा. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे, मी कॉम्प्युटरमध्ये टाकायची.

दुरुस्तीवाली: आणि बोर्डाला ते कशाला हवंय?

सिस्टर: बोर्डाला नकोय. मला द्यायचंय. त्या वेळचे एकेचाळीस जण अजून जिवंत आहेत. जिवंत म्हणजे, दोन वाक्यं बोलले की भिंतीला टेकतात. धुळीच्या आजाराच्या यादीत नाव लागलं तर खास वॉर्डात उपचार मिळतात, घरी ऑक्सिजनचं यंत्र मिळतं. पण कंपनीने बोर्डाला जुनं रजिस्टर दिलंय. त्यात सगळ्यांच्या छात्या ठणठणीत. मग बोर्ड म्हणतं, कारखान्यात असताना तर तुम्ही धडधाकट होता, पुढे सिगारेटी ओढून बिघडलात.

दुरुस्तीवाली: आणि यात वेगळं आहे?

सिस्टर: तू उघड. मग बोलू.

दुरुस्तीवाली: ठीक आहे. पण माझ्या पद्धतीने. आधी प्रत्येकीची ही कोपऱ्यातली खिट्टी सरकवायची, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग धुवायची. मग सगळीच्या सगळी नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायची, आणि जे काही उघडायचं ते त्या नकलेत. मूळ फ्लॉपीला परत हात नाही.

सिस्टर: रक्ताचा नमुना एकदाच घ्यायचा, तसं.

दुरुस्तीवाली: अगदी तसं. तुम्ही घरी जा, मी उद्या फोन करते.

सिस्टर: मी इथेच बसते. स्पिरिट कुठे ठेवतेस? आणि कापूस? ही काडी नको, हिचे धागे सुटतात. माझ्या पिशवीत बघ, मी आणलाय.

दुरुस्तीवाली: मावशी, हे माझं काम आहे.

सिस्टर: मधली धातूची चकती बोटाने फिरवायची आणि कापूस नुसता टेकवून ठेवायचा, दाबायचं नाही, असंच ना? मग चेहरा कशाला पाडतेस? चार जणींचं काम दोघी करू. तू तुझं मशीन पूस.

*

सिस्टर: रात्रभर झोपले नाही. सातवीपर्यंत काल आल्या ना सगळ्या? परत बघितल्यास?

दुरुस्तीवाली: आल्या, मावशी. आधी बसा, दम घ्या. पहिली ते सातवी, एकही खाना सुटलेला नाही. तुमच्या कापसाची कमाल. मी तर म्हणते, नोकरीला या इथे.

सिस्टर: आणि आठवी?

दुरुस्तीवाली: पडद्यावर बघा. एका फ्लॉपीत असे अठ्ठावीसशे ऐंशी खाने असतात. हिरवा म्हणजे वाचला, लाल म्हणजे नाही. काल पहिल्यांदा घातली तेव्हा एकसष्ट लाल होते.

सिस्टर: आता किती आहेत? माझा चष्मा घरी राहिला.

दुरुस्तीवाली: एकोणीस. पहाटे येऊन बसलेय मी. आधी तिचं जुनं कवच फोडलं, तबकडी बाहेर काढली, दोन्ही बाजूंनी धुतली, वाळवली, एका कोऱ्या फ्लॉपीच्या कवचात बसवली. मग या ड्राइव्हमध्ये घातली. एकेचाळीस लाल राहिले. मग त्या ड्राइव्हमध्ये. पंचवीस.

सिस्टर: मशीन बदललं की फरक पडतो?

दुरुस्तीवाली: प्रत्येकाचं डोकं केसभर इकडेतिकडे असतं. एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. हा तिसरा, हा माझा म्हातारा. भरतकामाच्या मशीनमधून काढलेला. त्या लोकांची डिझाइनं अजून फ्लॉपीवर चालतात, म्हणून तर माझं दुकान चालतं. याने एकेक खाना शंभर शंभर वेळा वाचून बघितला. एकोणीसवर येऊन बसलाय, आणि गेले दोन तास हलत नाहीये.

सिस्टर: आणखी दोन तास हलव.

दुरुस्तीवाली: हलवते. पण तोवर एक चांगली गोष्ट ऐका. तुमची फाइल छोटीशी आहे. फ्लॉपीचा बराचसा भाग कोराच होता. एकोणीसातले तेरा लाल खाने त्या कोऱ्या जागेत आहेत. त्यांचं सोयरसुतक नाही आपल्याला. फाइलच्या आत फक्त सहा.

सिस्टर: सहा खाने म्हणजे किती माणसं?

दुरुस्तीवाली: एका खान्यात आठ ओळी. अठ्ठेचाळीस.

सिस्टर: कुठली अठ्ठेचाळीस? उघडता येते का फाइल?

दुरुस्तीवाली: उघडलीय. हे बघा, टेबल आलं. बिल्ला, तारीख, आकडा. नावं नाहीत?

सिस्टर: नावं मला पाठ होती. आधी एकशे सत्तर बघ.

दुरुस्तीवाली: एकशे सत्तर... आहे. एक पॉइंट नऊ.

सिस्टर: दोनशे बारा?

दुरुस्तीवाली: एकशे त्र्याऐंशीपर्यंत आहेत. मग कचरा. चिन्हं, चौकोन, काहीतरी. मग एकदम दोनशे बत्तीस.

सिस्टर: नीट बघ.

दुरुस्तीवाली: नीटच बघतेय मावशी. एकशे चौऱ्याऐंशीपासून दोनशे एकतीसपर्यंत नाहीत. तो ओरखडा बरोबर तिथूनच गेलाय. कोण होतं दोनशे बारा? तुमच्या घरातलं?

सिस्टर: नाही. दळण खात्यातला. भोंगा म्हणायचे त्याला सगळे. चक्क्या चालू असताना या टोकाची हाक त्या टोकाला जायची त्याची. आता फोनवर बोलतो तर मला कान दाबून धरावा लागतो. हा सगळा अर्ज त्यानेच केलाय. एकेचाळीस जणांच्या सह्या त्यानेच गोळा केल्या, घरोघर जाऊन.

दुरुस्तीवाली: त्याचे आधीचे सात तर आहेत. पहिल्या फेरीत चार पॉइंट तीन. मग चार पॉइंट एक. तीन पॉइंट आठ. तीन पॉइंट चार. तीन पॉइंट एक. दोन पॉइंट आठ. दोन पॉइंट पाच. बाप रे! चार वर्षांत?

सिस्टर: आठवा दोन पॉइंट एक होता.

दुरुस्तीवाली: तुम्हाला आठवतं?

सिस्टर: तीनदा फुंकलं त्याने. तिन्ही वेळा दोन पॉइंट एक. म्हणाला, सिस्टर, तुमचं मशीन बिघडलंय. मी म्हटलं, हो, असेल.

दुरुस्तीवाली: मग हरकत काय आहे? टाका तिथे. दोनशे बारा, तारीख बाकीच्यांची आहेच, दोन पॉइंट एक. खरंच होता ना? मी काही कोणाला सांगायला जात नाही.

सिस्टर: नाही.

दुरुस्तीवाली: अहो, खोटं थोडंच आहे!

सिस्टर: तिथे लिही, ‘वाचता आलं नाही’. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस ठिकाणी तेच लिही.

दुरुस्तीवाली: एवढं कशासाठी अडून बसताय? तो शेवटचा आकडा असता तर बोर्डाला तोंड उघडायला जागा राहिली नसती.

सिस्टर: माझ्या पिशवीत एक पिवळं पाकीट आहे. काढ. कंपनीने दिलेल्या रजिस्टरच्या झेरॉक्स आहेत त्यात. दोनशे बाराचं पान वर काढून ठेवलंय मी.

दुरुस्तीवाली: हे होय... दोनशे बारा. फेरी पहिली, चार पॉइंट तीन. बरोबर. दुसरी, चार पॉइंट दोन. तिसरी, चार पॉइंट तीन. चौथी, चार पॉइंट दोन. आठवी, चार पॉइंट दोन, प्रकृती ठीक. हे तर सगळंच बनावट आहे.

सिस्टर: हो.

दुरुस्तीवाली: मावशी, हे अक्षर...

सिस्टर: सुरेख आहे ना?

दुरुस्तीवाली: तुम्ही लिहिलंय हे?

सिस्टर: तीनशे चाळीस माणसं, पहिली फेरी सोडून सात फेऱ्या. सगळं मी लिहिलंय.

दुरुस्तीवाली: का?

सिस्टर: दुसरी फेरी झाली आणि आकडे उतरायला लागले. मोठ्या साहेबांनी बोलावलं. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. खुर्ची दिली. म्हणाले, सिस्टर, कॉम्प्युटर आहे डॉक्टरांच्या अभ्यासासाठी, आणि रजिस्टर आहे तपासणीसाठी. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही हुशार आहात. आमचे हे तिथेच पॅकिंगला होते. राहायला कंपनीची खोली. मुलं शाळेत. मी काही विचारलं नाही. खाली आले आणि लिहायला बसले.

दुरुस्तीवाली: आणि डॉक्टर?

सिस्टर: त्यांना कळलं. मला म्हणाले, रजिस्टरचं मी बघतो, पण कॉम्प्युटरमध्ये मात्र खरंच टाकत जा. मी टाकत गेले. त्यांनी वर पत्र लिहिलं. आठव्या फेरीनंतर त्यांचं येणं बंद केलं. शेवटच्या दिवशी या नऊ माझ्या हातात देऊन म्हणाले, जपून ठेवा, कोणी विचारलं तर द्या. दोन वर्षांपूर्वी गेले ते.

दुरुस्तीवाली: आणि कोणीच विचारलं नाही.

सिस्टर: कोण विचारणार? आहेत हेच कोणाला माहीत नव्हतं. मी कोणाला सांगितलंच नाही.

दुरुस्तीवाली: हे पान मी परत पाकिटात ठेवते.

सिस्टर: राहू दे बाहेर. एक सांगते, ते ऐकून घे. साहेबांनी लिहायला लावलं, हे खरं. पण मी प्रत्येक वेळी चार-पाच पेनं घेऊन बसायची. निळं, काळं, एक फिकट झालेलं. बदलून बदलून लिहायची. सगळं वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. ते माझं डोकं. म्हणून म्हणते, दोन पॉइंट एक खरा असला तरी मी मनाने भरणार नाही. मनाने भरून झालंय माझं.

दुरुस्तीवाली: पाणी देऊ?

सिस्टर: नको. मशीन चालू आहे ना? चालू राहू दे.

दुरुस्तीवाली: चालू आहे. मावशी, मग मलाही एक बोलायचंय, तुम्हाला आवडणार नाही. सोमवारी नुसत्या या फाइली नेल्यात तर कंपनीचा वकील पाच मिनिटांत उडवून लावेल.

सिस्टर: का? तारखा आहेत की त्यात.

दुरुस्तीवाली: फाइलमधली तारीख मी तुमच्यासमोर बदलून दाखवते, चहा उकळायच्या आत. तो म्हणेल, या काल बनवल्या. माझ्यासारखी एक बाई गाठली आणि बनवून घेतल्या.

सिस्टर: मग?

दुरुस्तीवाली: मूळ फ्लॉप्या पाकिटात सील करून देऊ. मी काय काय केलं ते तासावार लिहून सही करून देईन. आठवीचं फोडलेलं कवचही जोडू, त्यावर तुमचं अक्षर आहे. पण ते सगळं असूनसुद्धा कोणीतरी उभं राहून म्हणावं लागेल, हे मी टाइप केलं. आणि ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच, मग हे रजिस्टर कोणी लिहिलं?

सिस्टर: येईल.

दुरुस्तीवाली: दोन्ही तुमच्याच हातचं. यातलं खरं कुठलं, असं विचारतील. वाटेल ते बोलतील तुम्हाला.

सिस्टर: सुरुवातीला मी ठरवलं होतं, पोस्टाने पाठवून द्यायच्या. वर नाव घालायचं नाही. पाकीटसुद्धा आणलं होतं.

दुरुस्तीवाली: मग?

सिस्टर: नाव नाही तर त्या नुसत्या प्लॅस्टिकच्या चकत्या. तू आत्ता म्हणालीस तेच मला तेव्हा वाटलं. डबा काढला त्या दिवसापासून आमचे हे माझ्याशी बोललेले नाहीत. ताट वाढलं की जेवतात, उठतात. मुलगी फोनवर म्हणाली, आई, आता या वयात कशाला उकरून काढतेस, तुझ्यावरच शेकेल. शेकू दे. सत्तरी उलटली, सगळी गात्रं शाबूत आहेत. दोन जिने न थांबता चढून आले मी आत्ता, बघितलंस ना?

दुरुस्तीवाली: बघितलं.

सिस्टर: मग उद्या सकाळी भोंग्याला इथे बोलावते. बोर्डासमोर तोंड उघडायच्या आधी त्याला माझ्या तोंडून कळलं पाहिजे.

*

भोंगा: येतो... येतो. थांबा जरा.

दुरुस्तीवाली: काका, घाई नको. या खुर्चीवर बसा. मी खाली आले असते की कागद घेऊन.

भोंगा: सिस्टर म्हणाल्या... वर या. म्हणजे वर यायचं. सवय आहे. चार पायऱ्या, थांबा. चार पायऱ्या, थांबा.

सिस्टर: बोलू नका आता. नाकाने घ्या, ओठ आवळून सोडा. हळू. आणखी एकदा.

भोंगा: मिळालं का काही?

दुरुस्तीवाली: हा तुमचा कागद, काका. बिल्ला दोनशे बारा. सात फेऱ्यांचे सात आकडे. रात्रभर मशीन चालू ठेवलं, पण आठवीतले सहा खाने शेवटपर्यंत आले नाहीत. तुमची ओळ त्यातच होती. तिथे ‘वाचता आलं नाही’ लिहिलंय.

भोंगा: चार पॉइंट तीन... दोन पॉइंट पाच. हे माझं?

सिस्टर: तुमचंच.

भोंगा: तेव्हाच? मी कामावर असताना? मी तर तेव्हा... पोरीला खांद्यावर घेऊन चालायचो.

सिस्टर: तेव्हाच.

भोंगा: मग जिंकलो की आपण! तुम्ही कुठे होतात इतके दिवस? आणि ते रजिस्टर? ते बघून बोर्डावरचे डॉक्टर हसले होते मला. कोणी लिहिलं ते?

सिस्टर: मी.

भोंगा: काय?

सिस्टर: मी लिहिलं, भाऊ. खरे आकडे कॉम्प्युटरमध्ये टाकायची आणि रजिस्टरात खोटे लिहायची. साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. तुम्ही म्हणाला होतात ना, मशीन बिघडलंय? मशीन ठीक होतं. मला माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्या वेळी खातं बदलून मागितलं असतं, काम सोडलं असतं, काहीतरी केलं असतं. मी सांगितलं नाही. नंतर सव्वीस वर्षंही सांगितलं नाही. सोमवारी बोर्डासमोर हे सगळं असंच सांगणार आहे. पण आधी तुम्हाला.

(खालच्या चपलांच्या दुकानाचं शटर वर जाताना वाजतं.)

भोंगा: पोरी, पाणी आहे?

दुरुस्तीवाली: हे घ्या काका.

भोंगा: आठ वेळा, सिस्टर. आठ वेळा तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, जोरात, अजून जोरात. शाबास म्हणायचात.

सिस्टर: हो.

भोंगा: मी घरी जाऊन सांगायचो. सिस्टर शाबास म्हणाल्या.

सिस्टर: मी माफी मागायला बोलावलं नाही तुम्हाला. ती मागायचं तोंड नाही मला.

भोंगा: मागू नका. आत्ता नका. मला राग यायचाय अजून. रागालाही दम लागतो.

सिस्टर: येईल तेव्हा येऊ दे. मी आहे.

भोंगा: आठव्या वेळचा आकडा... तुम्हाला माहितीय?

सिस्टर: माहितीय. सांगते तुम्हाला. पण कागदावर लिहिणार नाही.

भोंगा: मग नका सांगू. सात पुरेत. बाकीच्या चाळीस जणांचे?

दुरुस्तीवाली: सगळ्यांचे काढलेत काका. प्रत्येकाचा वेगळा कागद. आठवीचा आकडा हरवलेले तुम्ही धरून सहा जण, त्यांचेही आधीचे सात सात आहेत. आणि हे माझं लिहून दिलेलं, मी काय केलं ते. सोमवारी मीही येतेय. दुकान बंद ठेवणार आहे.

भोंगा: आणि जे गेले, त्यांचे आहेत यात?

दुरुस्तीवाली: फ्लॉपीत सगळेच आहेत, काका. कोण गेलं, कोण राहिलं, ते तिला काय ठाऊक?

भोंगा: एकशे सत्तर बघ.

सिस्टर: तो तुमच्या शेजारच्या चक्कीवर होता.

भोंगा: पाच वर्षं झाली त्याला जाऊन. सिगारेट प्यायचा दिवसाला एखादी, तीही अर्धी. त्याच्या अर्जावर बोर्डाने सिगारेट म्हटलं आणि त्याच्या बायकोने तेच धरलं. खाटेवर पडला होता तेव्हासुद्धा रोज भांडायची. तूच ओढवून घेतलंस म्हणायची. अजून म्हणते, फोटोकडे बघून.

दुरुस्तीवाली: आहे. आठही आहेत याचे. तीन पॉइंट नऊपासून... एक पॉइंट नऊ.

भोंगा: त्याचा कागद काढ. मोठ्या अक्षरात. तिला कमी दिसतं.

दुरुस्तीवाली: काढते. हा घ्या.

भोंगा: जाताना देऊन जातो. घर वाटेवरच आहे.

सिस्टर: मी येते बरोबर. तो कागद काय आहे, ते मी सांगितलं पाहिजे तिला.

भोंगा: ती ऐकून घेणारी नाही, सिस्टर. माझ्यासारखी गप्प बसायची नाही.

सिस्टर: नको बसू दे.

भोंगा: तिसऱ्या मजल्यावर राहते. मला वेळ लागेल.

सिस्टर: लागू दे. चला.